परीक्षेचा पेशंट

"उचलू नका त्याला. कसा उठतो ते पाहा."

मोठे डॉक्टर असं म्हणाले. मी फरशीवर पडलो होतो. अंगावर फक्त लंगोटी. माझी काठी त्यायनंच काढून घेतली होती आन् म्हणाले होते, चाल. काठीबिगर मी चालू शकत नाई हे त्यायले ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच काढली.

माझे पाय कैचीसारखे एकमेकांवर चढतात. टाच भुईले टेकत नाई. पुढच्या बोटांवर तोल धरून जितकं जाता आलं तितकं गेलो, मंग पडलो. हनुवटीले मार लागला.

चारी बाजूले पोट्टे उभे होते. पांढरे कोट, गळ्यात नळ्या. डॉक्टरकी शिकणारे. त्यात दोन पोरीबी होत्या. लंगोटी सावरू का हात टेकू, मले समजे ना. एक पोट्टा हासला. मोठ्यानं नाई. नाकातून. ते हासणं मले अजून ऐकू येते.

मी उठलो. आधी हात टेकले, मंग गुडघे, मंग पलंगाचा दांडा धरला. चिखलात रुतलेली म्हैस उठते तसा. कोणी हात देला नाई. मोठ्या डॉक्टरनं नाई म्हणून सांगतलं होतं ना. मी उभा झाल्यावर ते खूश झाले.

"ही चाल नीट पाहून ठेवा. पुस्तकात चित्र असतं, चाल नसते."

मंग ते इंग्रजीत पुष्कळ बोलले. पोट्टे लिहून घेत होते. माझ्याबद्दलच बोलणं चालू होतं. तिथी जितके होते त्या साऱ्यायले समजत होतं. मले सोडून.

मी जातीनं ढिवर. दोन वर्ग शिकलो. तेवढ्यावरच हे लिहून राह्यलो. कोणी म्हणलं भाऊ, तुम्ही सांगा, आम्ही नीट करून लिहितो. मी नाई म्हणलं. माझी गोष्ट दुसऱ्यानं नीट केलेली मी एकदा पाह्यली आहे, त्या दवाखान्यात.

गाव नागभीडच्या आत, झाडीत, म्हणजे आमच्या जंगलाच्या मुलखात. गावाले मोठा तलाव. आमचे आजे-पंजे त्या तलावात जाळं टाकत आले, पण तलाव मालकाचा. मालक म्हणजे मालगुजार. सरकारनं मालगुजारी काढून टाकली त्याले तवा थोडीच वर्षं झाली होती. कागदावरून गेली. तलावावरून गेली नाई, धानाच्या बांध्यांवरून गेली नाई, आन् आमच्या मानेवरून तर नाईच नाई.

नुसत्या मासोळीवर घर चालत नव्हतं. बाप मेल्यावर मी मालकाकडं सालानं राह्यलो. पाडवा ते पाडवा एक साल. त्याची एक रीत होती. मधातच गडी पडला, बिमार झाला, मेला, तरी साल रिकामं राहत नाई. त्याच्या घरचं दुसरं माणूस येऊन साल भरून देते. भाऊ असो, बाप असो, बायको असो. मालकाचा बैल मेला तर मालक बजारातून दुसरा बैल आणते. मालकाचा गडी पडला तर आम्हीच आमच्या घरातून दुसरा गडी आणून देत होतो. ही रीत कोणी घातली माहीत नाई. कोणी विचारलंही नाई.

मजुरी म्हणजे धान्य. हप्त्याच्या हप्त्याले मालकाच्या वाड्यासमोर ढीग पडे, कारभारी मापून दे. पाऊस बरा झाला त्या साली धान मिळे, घरी भात शिजे. पाऊस गेला त्या साली लाखोरी.

लाखोरी ज्यानं पाह्यली नाई त्याच्यासाठी सांगतो. कठाणाची म्हणजे हिवाळी पिकाची, मळकी, चपटी डाळ. धान कापाच्या आधी तिचं बी ओल्या बांधीत फेकून देतात. नांगर नको, पाणी नको. दुष्काळात सारं मरते, लाखोरी वाचते. झाडीत सारेच तिची डाळ खात. मालकाच्या घरी सणाले तिचे वडे होत. आमच्या घरी वडे नाई होत. आमच्या घरी डाळ लाखोरीची, भाकर लाखोरीची, सकाळची घुगरीबी लाखोरीची. सारखी दोन सालं पाऊस गेला. त्या दोन सालांत आमच्या ताटात दुसरं काई पडलंच नाई.

मंग रोवणा आला. मी बांधीत वाकून धानाचे पऱ्हे लावून राह्यलो होतो. पाय काढाले गेलो तर निघे ना. मले वाटलं गाळ जास्त आहे. बाजूची बाई म्हणे, "भाऊ, गाळ माज्याबी पायाखाली तेवढाच हाय." धुऱ्यावर, बांधीच्या कडेले, येऊन बसलो. पोटऱ्या दगडासारख्या. त्या दिवसापासून पाय माझे राह्यले नाई. पोळ्याच्या आत काठी आली.

घरात जितके लोक तितक्या गोष्टी. माय म्हणे करणी. शेजारी म्हणत देवीचा कोप. वैदूनं तापवलेल्या सळईनं पोटऱ्यांवर डाग देले, त्याचे वण अजून आहेत. मालक म्हणाला, "चिखलात राहते, वारा धरला असल." आन् गाव म्हणे, आपलं पाणीच तसं. कारण आमच्या गावात लंगडे पुष्कळ. पहिल्यापासून. दुसऱ्या गावचे लोक सोयरिकीले आले म्हणजे आमच्या नवरदेवाले आधी अंगणात चालवून पाहत. त्याचे विनोद करत. आम्हीबी हासत होतो. पाण्याले बोल लावत होतो आन् तेच पाणी पिणारा मालक ताठ चालत होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाई.

दिवाळीले मालकाचा पोरगा घरी आला. त्याले छोटे मालक म्हणत. तो शहरात डॉक्टरकी शिकत होता. माझ्यापेक्षा लहान. त्यानं मले ओसरीवर बसवलं, गुडघ्याखाली हाताच्या कडेनं ठोकलं. पाय असा उडाला का त्याच्याच छातीले लागला. मी घाबरलो. मालकाच्या पोराले लाथ लागली! तो रागावला नाई. त्याचे डोळे चमकले. तळव्यावर चावीनं रेघ ओढली. अंगठा आपोआप वर गेला. तो हासला.

"बाबा, ह्याला मी घेऊन जातो. आमच्या सरांना दाखवतो."

गावानं त्याच्या नावानं आरती कराचीच बाकी ठेवली होती. गड्यासाठी मालकाचा पोरगा गाडीखर्च करते! मायनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

माझं साल अर्धं बाकी होतं. ते डोमानं घेतलं होतं. डोमा माझा लहाना भाऊ. मिसरूड नुकतीच फुटली होती. त्याच्यासारखा नाचणारा पंचक्रोशीत नव्हता. दिवाळीच्या दंडारीत तो उभा राह्यला का म्हातारे बाज घेऊन पुढं सरकत. पायात चाळ बांधून रातभर नाचे आन् सकाळी मालकाच्या बांधीत हजर.

"भाऊ, तू बिनघोर जा," तो मले म्हणाला. "साल मी भरतो. तू पाय घेऊन ये."

"आन् नाई आले पाय तं?"

"मंग माजे हायेत ना. नाचाले माजे, चालाले माजे. तू बसून तंबाकू खाय."

नागभीडवरून छोट्या रेल्वेगाडीनं शहरात गेलो. दवाखाना एवढा मोठा का आमचं सारं गाव एका वार्डात बसलं असतं.

तिथी मले रोज दुसरा डॉक्टर. पोटाचा आला, त्यानं डाव्या बरगडीखाली बोटं खुपसली. म्हणे पानथरी वाढली आहे, लहानपणी हिवताप पुष्कळ आला असल. छातीचा आला, त्यानं नळी लावली. म्हणे रक्त कमी आहे म्हणून हृदय आवाज करते. रक्ताचा आला, पापणी उलटी करून पाह्यली, नखं पाह्यली, बोटातून रक्त काढून नेलं. नसांचा आला तो सगळ्यात जास्त वेळ बसला. हातोडीनं ठोके, टाचणी टोचे, विचारे, समजते का? समजत होतं. सारं समजत होतं. टाचणी टोचल्याचं, थंड हात लागल्याचं. पाय मेले नव्हते. पाऊल धरून वर दाबलं का ते थडथड उडत राहे, सोडेपर्यंत थांबत नसे. हे पाहाले पोट्टे रांग लावत. एकानं सोडलं का दुसरा धरे. संध्याकाळपर्यंत माझं पाऊल सुजे.

एवढे डॉक्टर. एकानंही मले सांगतलं नाई का बाबा, तुले हे झालं, यामुळं झालं. दवा विचारली तर शक्तीची सुई देत.

बाजूच्या पलंगावर एक म्हातारा होता. पोचम अण्णा. सिरोंच्याकडला, गोदावरीच्या काठचा. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोले. मले तम्मुडू म्हणे, म्हणजे लहाना भाऊ. त्याच्या हृदयाची झडप खराब होती. तो दरसाल इथी येई.

"बरे नाई झाले काय अण्णा?" मी विचारलं.

"बरा झालो तं कोन बोलावल?" तो हासून खोकलला. "तम्मुडू, तू आन् मी परीक्षेचे बैल हाव. पोळा आला का शिंगं रंगवतात, पुरनपोळी चारतात. पोळा झाला का जा गोठ्यात."

"कसली परीक्षा?"

"ह्या पोट्ट्यांची. बाहेरगावचे डॉक्टर येतात परीक्षा घ्याले. पोट्ट्यानं आपल्याले तपासाचं आन् सांगाचं काय रोग हाय ते. माजी छाती लई नावाजलेली हाय. तुजी चाल तं माज्याहून भारी. म्हनून तुले ठेवलं."

"मले काय झालं ते मले कोनी सांगे ना."

"सांगतीन कसे? तू पोट्ट्याले सांगून देशीन. मंग पोट्टा पास आन् मोठा डॉक्टर नापास!"

त्याले मोठी मजा वाटली. मले नाई वाटली.

छोटे मालक कधीमधी येत. मी त्यायले विचारलं, "मले काय झालं मालक?"

"नसांचा आजार आहे."

"काऊन झाला?"

"परीक्षा होऊ दे, मग सांगतो."

"घरी बरे आहेत ना सारे? डोमा?"

"हो, हो. काम करतोय. चांगला गडी आहे."

थंडी गेली. मी पांढरा भात खात होतो. दोन्ही टाइम. एवढा भात मी जन्मात खाल्ला नव्हता. मले वाटे, हेच औषध असल.

परीक्षेच्या दिवशी आमची हजामत केली. आंघोळ घातली. नवे कपडे देले, पेलाभर दूध देलं. पोचम अण्णा म्हणाला, "पाह्य, शिंगं रंगवली."

एकेक पोट्टा येई. घामानं भिजलेला. पहिला आला, त्यानं गुडघे ठोकले, पाठ चाचपली, विचारलं पडला होतास का, गरमी झाली होती का, बाईकडं जात होतास का. मी नाई म्हणलं. तो रडकुंडीले येऊन गेला. दुसरा आला. त्यानं सारं ठोकून झाल्यावर विचारलं, "काय खाता तुम्ही घरी?"

"ढिवर आहो. मासोळी खातो, मिळाली तं."

"रोजचं काय?"

"डाळ-भाकर."

"कुठली डाळ?"

"लाखोरी."

"आणि भाकरी?"

"तिचीच."

गळ हालला का ढिवराचं तोंड कसं होते, तसं त्याचं तोंड झालं. पाण्याखालचं त्याले दिसलं. त्यानं मले पुढं काईच विचारलं नाई. हातोडी खिशात टाकली आन् पळत गेला.

तिसऱ्यानं आल्याबरोबर हेच विचारलं. बाहेर कुजबूज झाली असल. मी लाखोरी म्हणलं का त्याचंही तोंड तसंच.

मी बसून राह्यलो. गावातले सारे लंगडे एकेक करून डोळ्यांपुढं आले. सालानं राहणारे. बनीवर, म्हणजे धान्याच्या मजुरीवर जाणारे. त्यात तेली-वाणी कोणी नव्हता. मालकाच्या घरचा कोणी नव्हता. सारे ढिगासमोर टोपली घेऊन उभे राहणारे.

पोचम अण्णा माझ्याकडं पाहून राह्यला होता. तो हासला नाई. "तम्मुडू," म्हणे, "तुजा रोग तं ताटात हाय वाटते."

आन् मंग मले डोमा आठवला. माझं साल. माझं माप. माझी टोपली.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. संगं बाहेरगावचे म्हातारे परीक्षक, एक पोट्टा, आन् दारात छोटे मालक. मोठ्या डॉक्टरनं माझी काठी उचलली आन् कोपऱ्यात ठेवली.

"चाल."

मी पलंगावरून उतरलो आन् फरशीवर मांडी घातल्यासारखा बसलो. मांडी होत नाई माझी. तरी बसलो.

"चालत नाई."

"काय?"

"आधी सांगा. लाखोरीनं झालं काय?"

मोठे डॉक्टर खाली वाकले. दात खाऊन हळूच बोलले, "इथं परीक्षा चालू आहे. उठ."

"परीक्षा तुमची. पाय माझे."

"फुकटचा दूधभात खाऊन माजलास? आज हाकलून देईन."

"द्या. आधी सांगा."

दोघा वार्डबॉयनं मले काखेत धरून उभं केलं. मी पाय सोडून देले. पाय गेल्यापासून पहिल्यांदा मले त्यायचा उपयोग झाला. लाकडाचे पाय कोणाले चालवता येत नाई. त्यायनं सोडलं, मी खाली बसलो. पुन्हा उचललं, पुन्हा बसलो. परीक्षेचा पोट्टा भिंतीले चिकटून उभा होता.

बाहेरगावच्या म्हाताऱ्यानं चष्मा काढला. मोठ्या डॉक्टरले मराठीतच विचारलं, "ह्याला सांगितलंच नाही का तुम्ही?"

"सांगितलं असतं तर ह्यानं विद्यार्थ्यांना सांगितलं असतं, सर. केस वाया गेली असती."

केस. वाया.

म्हातारा माझ्याजवळ आला. "हो बाबा. लाखोरीनं. डाळ म्हणून चार घास खाल्ली तर एवढं नाही. पण महिनोन्महिने तीच खाल्ली, वर अंगमेहनत, की पाय जातात. ही काही आजची गोष्ट नाही. कंपनी सरकारच्या काळात साहेबांनी लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी आपल्या संस्कृत वैद्यकात आहे, ही डाळ माणसाला पांगळा करते."

"पाय येतीन वापस?"

"नाही."

सरळ सांगतलं. त्याबद्दल मी त्याले आजही मानतो.

"पण खाणं थांबवलं तर वाढणार नाही," तो म्हणाला. "घरी आणखी कोण खातं?"

एवढ्या महिन्यांत, एवढ्या डॉक्टरांत, घरी कोण खाते हे पहिल्यांदा कोणी विचारलं. मी डोमाचं नाव घेतलं. त्यानं मान हालवली. मंग चष्मा लावला आन् म्हणाला, "चला, पुढचा विद्यार्थी पाठवा. ह्याच्याऐवजी छातीचा पेशंट घ्या."

पोचम अण्णानं सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या.

मी छोट्या मालकाले व्हरांड्यात गाठलं. भिंतीले धरून धरून गेलो.

"तुमाले माहीत होतं?"

"पुस्तकात वाचलं होतं."

"कधी?"

"मागच्या वर्षी."

"म्हंजे दिवाळीले ओसरीवर माजा गुडघा ठोकला तवा माहीत होतं. डोमा तिथीच उभा होता. ढिगावरून टोपली भरून घेऊन राह्यला होता."

ते इकडंतिकडं पाहू लागले.

"मी बाबांना काय सांगू? गोदाम भरलंय लाखोरीनं. फेकून द्या म्हणू?"

"डोमाले तं सांगता येत होतं."

"त्याला सांगून काय? दुसरं काय खाल्लं असतं त्यानं?" मंग म्हणाले, "आवाज कमी कर. सर ऐकतील."

मी विचारून सुट्टी घेतली नाई. काठी घेतली आन् निघालो. मोठ्या फाटकापाशी दरवान म्हणाला, कागद दाखव. मी पाय दाखवले.

नागभीडले उतरलो तवा होळीचे दिवस. मोह टपकून राह्यला होता. गावचा एक गाडीवाला भेटला, त्यानं तलावाच्या पाळीपर्यंत सोडलं. तिथून मी चालत गेलो.

दुरून मालकाच्या वाड्याकडून एक माणूस येताना दिसला. डोक्यावर टोपली. बोटांवर चालून राह्यला होता, गुडघे एकमेकांले घासत. मले वाटलं, कोणी तरी दंडारीतलं सोंग करून राह्यलं. मंग तो जवळ आला.

"भाऊ! आला तू?" डोमा म्हणाला. तोंडभर हासला. "तुजीच चाल चालून राह्यलो म्हनशीन. थंडीनं पाय जरा आखडले. ऊन पडलं का सुटतीन."

मी त्याच्या डोक्यावरची टोपली खाली घेतली. वरचं फडकं काढलं. काय होतं ते सांगाची गरज नाई.

मी तिथीच पाळीवर बसून त्याले सारं सांगतलं. जसं मले समजलं तसं. पाय वापस येत नाई हेबी. तो ऐकत होता. मधातच म्हणाला, "मंग दंडार?" मी टोपलीवर फडकं परत झाकलं. तो तलावाकडं पाहत बसला. मंग उठाले गेला आन् पहिल्या झटक्यात उठता आलं नाई त्याले.

आम्ही दोघं भाऊ ती टोपली घेऊन वाड्यावर परत गेलो. माय आडवी आली. तिले समजलं होतं मी काय करणार ते. आमच्याकडं मापलेलं धान्य परत ढिगावर टाकत नाई. ती लक्ष्मीले मारलेली लाथ. ज्यानं टाकलं त्याच्या घरी चूल पेटत नाई, असं म्हणतात. भाऊबंद मयताले येत नाई. कितीही सडकं माप असो, कोणी कधी परत टाकलं नव्हतं.

"पाप लागल रे," माय म्हणाली.

"लागू दे. पाय तं गेलेच."

ढिगासमोर माणसं उभी होती. मालक खुर्चीवर. मी गर्दीतून पुढं गेलो आन् टोपली ढिगावर उलटी केली. डाळ खळखळ घसरली. बायांनी तोंडाले पदर लावले. कारभाऱ्याच्या हातातलं माप तसंच राह्यलं.

"काय बे हे?" मालक उभा झाला.

"लाखोरीनं पाय जातात. तुमच्या पोराले माहीत आहे, विचारा. आमी ही घेत नाई. धान द्या."

"मी काय तुले इख चारून राह्यलो? माज्याबी घरी वडे होतात! मी लंगडा झालो काय?"

"वडे खाता मालक. एक साल भाकर खाऊन पाहा. तिचीच डाळ, तिचीच घुगरी. दुसरं काई नाई. मंग अंगणात चालून दाखवा."

मांगून कोणी तरी हासलं. मालकासमोर हासणं पहिल्यांदा ऐकलं मी त्या अंगणात. मालकाचं तोंड काळं पडलं.

"डोमा," तो म्हणाला, "तुज्या भावाचं डोस्कं फिरलं. उचल टोपली. साल बाकी हाय तुमच्या घरचं."

डोमानं काठी नव्हती म्हणून माझा खांदा धरला होता. त्याचं वजन माझ्यावर, माझं काठीवर.

"मालक, दोन मानसं देले तुमाले एका सालासाठी," डोमा म्हणाला. "आता आमच्या घरी मायच उरली. माय नाई येणार."

बस. एवढंच बोलला. मी शहरात जे बोललो त्यापेक्षा हे मोठं होतं.

त्या दिवशी दुसऱ्या कोणी टोपली उलटी केली नाई. खोटं कशाले लिहू. लोकांनी मान खाली घातली, माप घेतलं, घरी गेले. घरी लेकरं होती त्यायच्या. मालकानं आमच्यासाठी तलाव बंद केला. भाऊबंदांनी पाणी तोडलं, वाळीत टाकलं. आम्ही नदीवर जाळं टाकलं, मोह वेचला, जंगलातले कंद उकडून खाल्ले. माय त्या पावसाळ्यात मेली. खांदा द्याले आम्ही दोघं लंगडे आन् दोन गोंड, दुसऱ्या गावचे. मडं चार वेळा खाली ठेवावं लागलं.

मी गप्प नाई बसलो. बजाराच्या दिवशी लाखोरीच्या दुकानासमोर बसत होतो. घेणाऱ्याले माझे पाय दाखवत नव्हतो, तोंडानं सांगत होतो. वाण्यानं मारलं. पुढच्या बजारी परत बसलो. पुढच्या सालच्या पाडव्याले आमच्या गावच्या दोन घरांनी सालाले नाई म्हणलं. त्याच्या पुढच्या साली आणखी काईंनी. कोणी आमचे उपकार मानले नाई. मले नकोच होते.

डोमाची एक काठी होती, मंग दोन झाल्या. खाणं थांबवलं म्हणून त्याच्या पुढं गेलं नाई, पण दंडारीच्या ढोलकीचा आवाज आला का तो घरातून निघून जाई. नदीकडं. मी त्याले थांबवत नव्हतो. तो मरून आता पुष्कळ वर्षं झाली.

छोटे मालक पास झाले. नावाजलेले डॉक्टर झाले, त्यायनं गावात फुकट दवाखान्याचा दिवस ठेवला. लोक म्हणत, जा, चांगला माणूस आहे. असल. मी गेलो नाई. एकदा त्यायनंच माणूस पाठवला, म्हणे शिकाऊ डॉक्टर येऊन राह्यले, त्यायले तुमची चाल पाहाची आहे, गाडी पाठवतो. मी सांगतलं, त्यायले म्हणा इथी येऊन माझ्या दारात बसा. लाखोरी कोण खाते, काऊन खाते, कोणाच्या हातचं माप खाते, हे सारं सांगतो. ऐकून घ्यावं लागल. चाल पाहाले मिळणार नाई.

कोणी आलं नाई.

मले आता काठीनंही उठवत नाई. डोळे आहेत, हात आहेत, तोंड आहे. मी कोणाले माफ केलं नाई. ढीग लावणाऱ्याले नाई, माहीत असून चूप बसणाऱ्याले तर नाईच. आमच्या चुलीवर त्या दिवसापासून लाखोरीची भाकर चढली नाई. उपाशी झोपलो तवाबी नाई. माझ्या घरचं माणूस कोणाच्या बांधीत कोणाचं साल भराले जाणार नाई, आन् ज्यानं माप देलं त्यानं तेच माप आधी माझ्यासमोर बसून खाल्लं पाहिजे. मी पाहत बसीन. मंग आम्ही खाऊ.